अस्वल, सिंह आणि वाघाची मैत्री



आपल्या मोबाइलवर अधूनमधून व्हिडिओ येतात. माकडाचं पिल्लू कुत्र्याच्या पाठीवर बसलेलं, नाहीतर वाघाचं पिल्लू शेळीला बिलगलेलं. आपण हसतो, ‘किती गोड’ म्हणतो आणि पुढं पाठवतो. आज अशाच एका मैत्रीची खरी गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात २००१ साली पोलिसांनी अमली पदार्थांसाठी एका घरावर छापा घातला. तळघरात त्यांना तीन पिल्लं सापडली. एक अस्वलाचं, एक सिंहाचं, एक वाघाचं. वय अवघं काही महिन्यांचं. अस्वलाच्या अंगाला पट्टा बांधलेला होता. पिल्लू वाढत गेलं, पट्टा कुणी सैल केला नाही, तो मांसात रुतला.

तिघांना ‘नोआज आर्क’ नावाच्या प्राण्यांच्या आसरा केंद्रात नेलं. पट्टा काढायला अस्वलाची शस्त्रक्रिया करावी लागली. तेवढ्यापुरतं त्याला वेगळं ठेवलं, तर पिल्लं बेचैन झाली. मग ठरलं, यांना एकत्रच ठेवायचं. नावं ठेवली बल्लू, लिओ आणि शेरखान. मोगलीच्या गोष्टीत बल्लू आणि शेरखान एकमेकांचे वैरी. इथं ते भावंडांसारखे वाढले. खेळायचे, अंगाला अंग घासायचे, जवळजवळ झोपायचे. तिघांची सोबत १५ वर्षं टिकली. २०१६ साली लिओ सिंह गेला, २०१८ साली शेरखान.

पण जरा विचार करा. हे अस्वल अमेरिकेतल्या जातीचं, सिंह आफ्रिकेतला, वाघ आशियातला. रानात हे तिघं कधी भेटलेच नसते. माणसानं त्यांना आईपासून तोडलं, म्हणून भेटले. आईची ऊब नसली, की पिल्लू जवळ असेल त्या उबेला बिलगतं. मैत्री खरी, पण तिच्या आधीची ताटातूटही तितकीच खरी.

हे आम्ही का सांगतोय? ऊसतोडणी सुरू झाली, की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. मांजरीएवढी, गोजिरवाणी. पोरं उचलून घेतात, फोटो काढतात, कुणी घरीही नेतं. ती पिल्लं बहुतेक वेळा पोरकी नसतात. आई शिकारीला गेलेली असते, नाहीतर कोयत्यांच्या आवाजानं बाजूला झालेली असते. पिल्लं नेली, तर ती त्याच शिवारात शोधत फिरते. आणि फडाच्या कडेला झोळीत आपली तान्ही लेकरं असतात, हे विसरू नका.

म्हणून पिल्लं दिसली, की हात लावायचा नाही. तेवढ्या भागातली तोडणी थांबवून सगळ्यांनी लांब व्हायचं आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. काम थांबलं, की टोळीची टनामागची मजुरी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तोडणी दुसऱ्या बाजूनं सुरू करता येईल का, हे वनविभागाच्या माणसांना विचारा. जुन्नर भागात अशी पिल्लं तपासून, संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात. अंधार पडला, की आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.

बिबट्याचं पिल्लू घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही आहे.

येत्या बचतगटाच्या बैठकीत हा विषय काढा. तोडणीला आलेल्या बायांनाही १९२६ हा क्रमांक सांगा. त्या परगावच्या असतात, त्यांना तो कुणी सांगितलेला नसतो.