डर्टी काऊ: कर्नलमधली नऊ वर्षं जुनी फट

आज एका बगबद्दल बोलूया. नाव डर्टी काऊ. कॉपी-ऑन-राइटची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की काऊ होतं, एवढाच गायीचा संबंध.

तुमच्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल असतो. एखादी फाइल तो थेट मेमरीत मॅप करून देतो. मॅपिंग प्रायव्हेट असेल आणि तुम्ही त्यावर लिहायला गेलात, तर कर्नल आधी त्या पानाची कॉपी काढतो. ऑफिसातल्या क्लार्कसारखं समजा. मूळ रजिस्टर कपाटात, तुम्हाला झेरॉक्स. त्यावर काय हवं ते खरडा.

आता गंमत बघा. कॉपी काढली की कर्नल 'याला लिहायचंय' ही खूणच पुसून टाकायचा आणि पान पुन्हा शोधायला जायचा. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने मॅडव्हाइज कॉल करून सांगितलं, 'ती झेरॉक्स टाकून दे', तर? कर्नलला वाटायचं, हा फक्त वाचणार आहे. मग तो मूळ पानच पुढे करायचा आणि लिखाण थेट त्यावर व्हायचं! वेळ जुळेपर्यंत लूप फिरवत राहायचं, बस. साधा युजर रूट होऊ शकायचा.

ही फट 2007 च्या 2.6.22 आवृत्तीपासून होती. फिल ओएस्टर यांनी ती 2016 मध्ये पकडली, तीही प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली जात असताना. लिनस टोरवाल्ड्सनी पॅचसोबत स्वतःच लिहिलंय की हा बग आपण अकरा वर्षांपूर्वी दुरुस्त करायला गेलो होतो, पण वाईट पद्धतीने. ती दुरुस्ती आयबीएमच्या एस390 मशीनवर अडचण आली म्हणून मागे घेतली गेली. मला हा माणूस इथे आवडतो, लपवालपवी नाही.

दुरुस्ती अगदी छोटी. लिहायची खूण पुसायचीच नाही. 'कॉपी काढली आहे' अशी वेगळी खूण ठेवायची, आणि हातातलं पान खरंच डर्टी आहे का ते तपासायचं. नसेल तर पुन्हा कॉपी काढा.

2017 मध्ये कळलं की मोठ्या आकाराच्या पानांसाठी, म्हणजे ह्यूज पेजेससाठी, हीच तपासणी कच्ची राहिली होती. परत पॅच.

घरात जुना फोन पडलाय? सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. 5 डिसेंबर 2016 च्या आधीची असेल, तर त्यावर बँकेचं ॲप नको.