रुळावरून उतरल्यावर

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय दिला होता 'चालण्याचे फायदे'. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. फायदे सांगायला आपल्या मंडळात तीन डॉक्टर बसले आहेत. मी आपलं जबलपूरच्या आसपास कुठे कुठे पायी हिंडलो, तेवढं सांगतो.

आमच्या पी-वे खात्यात चालणं कुणाला चुकत नाही. कीमन रोज अख्खी बीट जाऊन-येऊन चालतो. आम्ही सुपरवायझर मंडळी काही ट्रॉलीने, काही पायी. ब्रॉडगेजच्या एका किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर असतात, म्हणजे दोन स्लीपरांत ६० सेंटिमीटर. हे माप माणसाच्या पावलासाठी केलेलंच नाही! एकेक स्लीपर घ्यावा तर पाऊल आखूड पडतं, दोन-दोन घ्यावेत तर ढांगा टाकाव्या लागतात. नजर सतत खाली, क्लिपवर, खडीवर. अशी वर्षं गेली की मान तशीच राहते. आमची सौ. म्हणते, बाजारातसुद्धा हे जमीन तपासत चालतात.

(आणि हो, हौसेने लाइनीवर फिरायला जाऊ नका. १९८९च्या रेल्वे कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे, आणि मागून येणारी गाडी वाटते त्यापेक्षा फार उशिरा ऐकू येते.)

मी इथे २००४ साली रुजू झालो. पश्चिम मध्य रेल्वे होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नियमात बसलं त्या दिवशी भुसावळला बदलीचा अर्ज टाकला. गावाहून आणलेल्या दोन पेट्या आम्ही उघडल्यासुद्धा नाहीत. आज ना उद्या जायचंच आहे, कशाला पसारा? आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या क्वार्टरमध्ये अशा पेट्या असतील.

मार्च २०१५च्या अखेरीला आमचे एक कीमन निवृत्त झाले. निरोप समारंभात हार घातल्यावर ते मला म्हणाले, "साब, मेरी लाइन तो आपने बहुत देखी. मेरा गाँव एक बार भी नहीं देखा." गाव भेडाघाटच्या पुढे, लाइनीपासून दीड किलोमीटर आत. तिथला लहान पूल मला पाठ होता, त्याचा गाळा, त्याची दुरुस्ती, सगळं. पुलाखालून येणारा नाला कुठल्या गावाहून येतो, हे मात्र अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी पहाटे गेलो. ते मला रस्त्याने न नेता शेतांच्या बांधांवरून घेऊन गेले. वाटेत मोहाची झाडं. मोहाचं फूल रात्रीतून, पहाटेपर्यंत गळतं. ते वेचता यावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते. बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचत होती. आणि तो वास आला.

तो वास मला चांगला ठाऊक होता. उन्हाळ्यात पहाटे ट्रॉलीवर निघालं की यायचा, आणि मी समजायचो, गँगमधलं कुणीतरी घेऊन आलंय. एकदा तर एकाला मी चार माणसांत झापलं होतं. तो माणूस म्हणजे हेच कीमन. ते त्या वेळी काही बोलले नव्हते. आताही बोलले नाहीत. वाकून चार-पाच फुलं उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. जाड, ओलसर, फिक्या पिवळ्या रंगाची फुलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "चलिए, चाय ठंडी होगी." अजून चहा चुलीवर चढलासुद्धा नव्हता.

त्या दिवसापासून रविवारी ड्यूटी नसेल तर मी पायी निघतो. सुरुवात मदनमहालच्या टेकडीपासून. ग्रॅनाइटचे ते प्रचंड धोंडे, आणि त्यातला तो एकावर एक तोललेला. २२ मे १९९७च्या भूकंपात शहरातली घरं पडली, पण तो हलला नाही. इंजिनीअर असून मला तो बघताना अजून पोटात गोळा येतो. पुढे तेवर. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. १९३९चं सुभाषबाबूंचं काँग्रेस अधिवेशन तिच्याच नावाने ओळखलं जातं. गावात हजार वर्षांपूर्वीचे कोरीव दगड झाडाखाली शेंदूर लावून बसलेले दिसतात. तिथून भेडाघाट, चौसष्ट योगिनी. मी मूर्तींचे कोनाडे मोजले (खोड जात नाही), तर ते चौसष्टावर थांबेचनात, ऐंशीच्या पुढे गेले. आणि ग्वारीघाटच्या बाजूची जुनी नॅरोगेजची वाट. अडीच फुटी गेजची ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. तिच्यात बसायचं मी आज-उद्या करत राहिलो, ते राहिलंच.

आपल्याच शहरातले चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली, नर्मदेकाठी चालायला सुरुवात केली. एका दमात परिक्रमा नाही, सवडीने तुकड्या-तुकड्यांनी. २०१८ मध्ये ते गेले. नोकरदार माणसाला हा हिशेब जमण्यासारखा आहे. रजेचं गणित बसतं.

२०१६ मध्ये वडील गेले आणि आईला इथे आणलं. सहा महिने ती खिडकीत बसून होती. हिंदी येत नाही, ओळख कुणाची नाही. डिसेंबरात मी तिला भिटौनीकडे घेऊन गेलो. स्टेशनपासून अर्धा कोस, तिच्या चालीने दीड तास. सगळीकडे मटार. शेतातल्या बाया तोडणी करत होत्या. आई बांधावर टेकली आणि न विचारता शेंगा सोलायला लागली. त्या त्यांच्या बोलीत, ही खानदेशीत. गुडघेदुखीवर तासभर चर्चा झाली, आणि दोन्हीकडे सगळं कळत होतं!

२०१८ साली बदली मंजूर झाल्याचं पत्र आलं. ज्यांच्यासाठी चौदा वर्षं धडपडलो, ते वडील नव्हते. स्वतःच्या विनंतीवरची बदली म्हणजे ज्येष्ठता तळाला जाते, ते एक कारण होतंच. पण खोटं कशाला बोलू, मला जावंसं वाटलं नाही. मी नकार लिहून दिला. थोरला भाऊ त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. गावच्या घराची मागची भिंत त्या पावसाळ्यात पडली, ती त्यानेच उभी केली. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. दोन पेट्यांपैकी एक आम्ही उघडली आहे. दुसरीची किल्ली आईकडे आहे.

तर, अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी सकाळी साडेपाचला मंडळाच्या फाटकाशी जमू या. तेवरपर्यंत जाऊ, परत ऑटोने. नवे बूट घालू नका, चावतात. पाण्याची बाटली आपापली. चहा तेवरला, तो माझ्याकडून. आई येणार आहे, तेव्हा हळू चालावं लागेल.