आद्य क्रमांक आणि वाहनाचे मोल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झाशी येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत इतिहास, संगीत, संतवाङ्मय असे भारदस्त विषय होऊन गेल्यावर आम्ही मोटारगाडीसारखा विषय घेऊन आपल्यापुढे उभे राहावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नाही, साधे बी. ए. आहोत. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत उभी हयात कागद, नोंदी आणि क्रमांक पाहण्यात गेल्यामुळे क्रमांक कोठे खरे बोलतो आणि कोठे केवळ मिरवतो, हे ओळखण्याची थोडी सवय झाली आहे. त्या बळावरच हे धाडस करीत आहोत.

प्रश्न असा की, एखाद्या जुन्या व नावाजलेल्या बनावटीच्या गाडीचा कारखान्यातील क्रमांक अगदी आरंभीचा असेल, तर तेवढ्याने तिची किंमत वाढते काय?

आधी क्रमांकांचा घोळ निस्तरू. झाशीच्या गाडीवर ‘यू. पी. ९३’ या अक्षरांपुढे जो आकडा असतो, तो नोंदणीचा क्रमांक. तो परिवहन कार्यालय देते आणि ‘०००१’ सारख्या आकड्यासाठी हौशी लोक मोठी रक्कम मोजतात. तो शुद्ध शौकाचा व्यवहार आहे. इंजिनावर कोरलेला क्रमांक इंजिनाचा, आणि इंजिन बदलता येते. तिसरा चासीचा क्रमांक. गाडीचे जन्मनाव म्हणावे असा हाच एक, आणि आजचे विवेचन त्याच्यापुरते आहे.

पण हे जन्मनावही नेहमी जन्मक्रम सांगत नाही. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९६४ साली मस्टँग नावाची गाडी काढली. तिच्यातील १००००१ या क्रमांकाची पांढरी गाडी केवळ प्रदर्शनासाठी कॅनडातील न्यूफाउंडलंडला पाठविली होती. ती तेथील विक्रेत्याने एका वैमानिकाला विकून टाकली. कंपनीला ती परत हवी होती, पण गृहस्थ सोडीना. पुढे १९६६ साली, मस्टँगच्या उत्पादनाने दहा लाखांचा पल्ला गाठल्यावर, त्याला कोरी करकरीत गाडी देऊन कंपनीने आपली पहिली लेक माहेरी आणली. ती आज हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. तरीही क्रमांकाने पहिली असलेली ही गाडी प्रत्यक्ष जुळणीत सर्वांत आधी बाहेर पडली असे धरून चालता येत नाही. क्रमांक एका टेबलावर पडतो, गाडी दुसऱ्या पडवीत तयार होते. सरकारी दफ्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

तथापि आद्य क्रमांकाला मोल नाहीच असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५३ साली कॉर्व्हेट ही गाडी अवघी ३०० तयार झाली. तिच्यातील पहिल्या दोन नष्ट झाल्या असे मानले जाते. म्हणून तिसरी ही हयात असलेल्यांतील वडीलधारी ठरली आणि २००६ सालच्या लिलावात तिला दहा लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. इंग्लंडमधील जग्वार ‘ई टाइप’ची गोष्ट याहून बोधक आहे. १९६१ साली निघालेल्या पहिल्या सुमारे ५०० गाड्यांचे बॉनेट बाहेरून किल्लीने उघडावे लागे. आरंभीच्या गाड्यांचा तळही सपाट होता, पुढे तो पायांसाठी खोलगट केला. शौकीन लोक या आरंभीच्या गाड्यांना जास्त पैसे देतात, परंतु ते आकड्यासाठी नव्हेत, तर आकड्याने दर्शविलेल्या वेगळेपणासाठी. आरंभीची गाडी नंतरच्या गाडीसारखीच असेल तर क्रमांक हा गप्पांचा विषय होतो. ती घडणीने निराळी असेल तर क्रमांक हा पुरावा होतो. हा भेद आमच्या मते सर्व वादाचे मर्म आहे.

आणि आद्य क्रमांकाहूनही थोर अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे गाडीचे चरित्र. रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ हे ज्या एका गाडीचे मूळ नाव, ती १९०७ सालची ‘ए. एक्स. २०१’ त्या बनावटीची पहिली गाडी नव्हे, बारावी होय. १५,००० मैलांची कसोटी तिने पार केली म्हणून ती अमर झाली; पहिल्या अकरांची नावे कोण घेतो? मर्सिडीझ कंपनीने १९५५ सालच्या आपल्या दोन बंदिस्त शर्यती गाड्यांपैकी एक २०२२ साली १३.५ कोटी युरोंना विकली. तोवर कोणत्याही मोटारीला इतकी किंमत आली नव्हती. आणि विकली गेली ती दोहोंतील पुढच्या क्रमांकाची.

आता आपल्या देशाकडे वळू. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या दिल्या गेल्या. ‘डी. आय. ए. ६४७९’ ही ती गाडी तिच्या मालकाने अखेरपर्यंत विकली नाही. त्यांच्या पश्चात ती दिल्लीत दाराबाहेर उन्हापावसात गंजत पडली होती. ज्या गाडीने मध्यमवर्गाला चार चाके दिली तिच्या पहिल्या प्रतीची ही दशा! पुढे कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात मांडली. पहिलेपणाचे भाग्य मुबलक होते, पण कोणी त्याची पुसतपास केली नाही तोवर त्याची किंमत भंगाराएवढी होती.

आमच्या पिढीच्या मनात मात्र खरी गाडी म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. १९६४ पासूनची ‘डिलाइट’ हीच पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. या घराण्यातील एका गाडीमुळेच हा विषय आमच्यापुढे आला.

येथील एका परिचित कुटुंबात वडिलांच्या निधनानंतर दोघा भावांत वाटणी व्हायची होती. घर, थोडी ठेव आणि पडवीत उभी असलेली एक ‘डिलाइट’. बाहेरगावच्या एका दलालाने थोरल्यास सांगितले की, ही पहिल्या काही शेकड्यांतील गाडी आहे, पंधरा लाखांना जाईल. फक्त क्रमांकाचे प्रमाणपत्र काढण्यासाठी पंचवीस हजार आगाऊ द्यावेत. धाकट्याने लगेच हिशोब मांडला: दादा गाडी ठेवतो आहे ना, मग घरातील त्याचा वाटा तेवढा कमी! वहिनींनी बोलणे टाकले. गणपतीला दोन घरी दोन मूर्ती आल्या. अखेर कागद पाहावेत म्हणून आम्हांस बोलाविले.

आम्ही नोंदणीपुस्तक मागितले. चासीवरील क्रमांक पुस्तकाशी जुळत होता, ही जमेची बाजू. परंतु तो ‘पहिल्या काही शेकड्यांतील’ कशावरून? मालिका कोठून सुरू झाली हे दाखविणारा कारखान्याचा एकही कागद दलालाजवळ नव्हता. मुख्य म्हणजे पुस्तकातच इंजिन बदलल्याची नोंद होती: पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वडिलांनी डिझेलचे इंजिन बसवून घेतले होते. आम्ही दलालास विचारले की, प्रमाणपत्र कोणते कार्यालय देणार, ते लेखी द्या. तो पुन्हा दिसला नाही. शहरातल्या एका जुन्या मिस्त्रीने गाडीची जी किंमत केली तीच दोघांनी मान्य केली, गाडी थोरल्याकडे राहिली आणि वाटणीपत्रावर सह्या झाल्या. यंदा मूर्ती एकच आली आहे.

या संदर्भात कायदा काय म्हणतो तेही सांगावयास हवे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले वाहन त्यास पात्र ठरते. नवी नोंदणी वीस हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी, ‘व्ही. ए.’ अक्षरांच्या मालिकेत. या नियमांत वय विचारले आहे, मूळपण विचारले आहे. गाडी कितवी हे विचारलेले नाही. कायद्याने क्वचितच इतके शहाणपण दाखविले असेल.

झाशीकरांना हे तत्त्व परके वाटू नये. १८५८ च्या वेढ्यात या शहरात असलेल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रथम छापला, पण त्यावर संपादकीय हात फिरविला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. संग्राहक १९०७ ची प्रत शोधील. वेढ्यातली झाशी जाणून घेणारा अभ्यासक मात्र १९६६ ची उघडील. दोघांच्या हिशोबी पहिलेपणाची किंमत निरनिराळी आहे, आणि दोघेही चुकत नाहीत.

आता कोणी विचारील की, आद्याला मोल, तर अंत्याला का नसावे? आहेच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली, तेव्हा तिच्या ‘एम. एच. ०१ जे. ए. २५५६’ या क्रमांकाची बातमी देशभर छापून आली. नाहीतर त्या आकड्यात काय होते?

तेव्हा ज्यांच्या घरी जुनी फियाट, अँबॅसेडर वा स्कूटर असेल त्यांना आमची विनंती एवढीच की, आकडा पाहून हुरळण्याआधी कागद शोधावेत: मूळ खरेदीची पावती, पहिले नोंदणीपुस्तक, विम्याचे जुने कागद, गाडीशेजारी काढलेले कुटुंबाचे छायाचित्र असल्यास तेही. दिवाळीच्या साफसफाईत ही चळत बहुधा सर्वांत आधी रद्दीत जाते. ती ट्रंकेतून काढून निराळी ठेवावी, आणि वाचता न आल्यास रविवारी सकाळी आमच्याकडे आणावी. आम्ही घरीच असतो.