उलटतपास कुठे शिकायचा?

(परभणी जिल्ह्यातील तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

दोस्तांनो, मी वकील नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. तरीही आज साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा यावर बोलणार आहे. इथे बसलेल्यांपैकी काही जण लॉ कॉलेजात आहेत, त्यांनी मला मध्येच थांबवलं तरी चालेल.

ख्वाजा युनूस आपल्या परभणीचा. तोही सॉफ्टवेअर इंजिनिअर. घाटकोपरचा बसमधला स्फोट २ डिसेंबर २००२ चा, आणि त्याच महिन्यात त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलीस म्हणाले, गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सहआरोपी डॉ. अब्दुल मतीन यांनी सांगितलं ते वेगळंच: कोठडीत त्याला मारलं, तो रक्त ओकत होता. आई आसिया बेगम वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या. चार पोलिसांवर खटला उभा राहिला आणि २०१८ मध्ये डॉ. मतीन यांची साक्ष झाली. साक्षीत त्यांनी आणखी चार अधिकाऱ्यांची नावं घेतली. विशेष सरकारी वकिलांनी त्या चौघांनाही आरोपी करा म्हणून अर्ज दिला, आणि लवकरच त्या वकिलांनाच खटल्यावरून दूर केलं गेलं.

यातलं राजकारण तुम्हाला माहीत आहे. मला दुसरंच दाखवायचं आहे. सरतपासात आपल्याच साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारता येत नाही. ‘अमुक साहेबांनी मारलं ना?’ असं चालत नाही. ‘तुम्ही काय पाहिलं? कोण कोण होतं?’ एवढंच. बाकी त्याच्या तोंडून यायला हवं. पंधरा वर्षांपूर्वीची रात्र माणसाकडून अशी क्रमाने बोलवून घेणं ही कारागिरी आहे.

कॉलेजात ती फारशी मिळत नाही. मूट कोर्टात कायद्याच्या मुद्द्यांवर युक्तिवाद होतो, पिंजऱ्यात साक्षीदार नसतो. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघून वही लिहायची असते, ३० गुणांची. ती वही आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरते, हे तुमचं हसणंच सांगतंय.

मग जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. फौजदारी कोर्ट खुलं असतं, जागा असेल तर कुणीही बसू शकतो. बलात्काराचे, पोक्सोचे खटले बंद दाराआड चालतात, तिकडे जायचं नाही. मोबाइल बंद, रेकॉर्डिंग अजिबात नाही. वही आणि पेन पुरे. बोर्डावर कुठला खटला पुराव्याला आहे ते आदल्या दिवशी ई-कोर्ट्सच्या ॲपवर बघा, नाहीतर दिवसभर नुसत्या तारखा ऐकाल.

बसलात की एक गोष्ट पकडा. साक्षीदार कोर्टात म्हणतो, आरोपीच्या हातात काठी होती. पोलिसांपुढच्या जबाबात काठी नाही. वकील विचारतात, ‘काठीचं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?’ ‘होय.’ ‘मग जबाबात का नाही?’ ‘कारण सांगता येणार नाही.’ चांगला वकील इथे थांबतो. नवखा आणखी एक प्रश्न विचारतो आणि साक्षीदाराला सावरायला जागा देतो. पण काम अजून अर्धंच झालेलं असतं. पुढे तपासी अंमलदार साक्षीला आला की त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं की या साक्षीदाराने काठीचं सांगितलं नव्हतं. ते राहिलं तर सगळी मेहनत वाया. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दोष सापडल्यावर तो पुन्हा घडवून दाखवतो, तसंच हे.

वाचायला मराठीतल्या साक्षी आहेतच, निकाल लागलेल्या खटल्यातल्या ओळखीच्या वकिलांकडे मागा. ‘हे म्हणणे खरे नाही की’ ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य म्हणजे बचावाने घातलेली एक सूचना. त्या सूचना ओळीने वाचल्या की बचावाची सगळी गोष्ट कळते. शिवाय मुंबई लोकल स्फोट खटल्याचा २१ जुलै २०२५ चा उच्च न्यायालयाचा निकाल वाचा, ज्यात बारा जण सुटले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितलं. शिकायला मात्र तो खुला आहे. शंभरहून अधिक दिवस गप्प राहिलेल्या टॅक्सीवाल्यांची साक्ष तिथे कशी तपासली ते बघा. याच खटल्यात २०१५ मध्ये निर्दोष सुटलेले अब्दुल वाहिद शेख शाळेत शिक्षक होते. कायदा ते तुरुंगात शिकले.

आणि १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत गेलेला सोमनाथ सूर्यवंशी कायद्याचाच विद्यार्थी होता. औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. उद्या तो खटला पुराव्याला लागला, तर मागच्या बाकावर वही घेऊन कोण बसणार?

सनद नसली तरी उभं राहून बोलण्याच्या जागा आहेत. ग्राहक आयोगात स्वतःची तक्रार स्वतः चालवता येते. माहिती अधिकाराचं दुसरं अपील आयोगापुढे स्वतः मांडता येतं, पहिल्या अपिलाच्या निर्णयापासून नव्वद दिवसांत दाखल करायचं. सुरुवात वीजबिलाच्या कागदानेही होते. ज्यांच्याकडे असा कागद पडून आहे त्यांनी तो पुढच्या रविवारी घेऊन यावा. तिघे तिघे बसू: एक साक्षीदार, एक वकील, आणि तिसरा फक्त प्रश्न लिहून घेणारा.