‘येईल’, ‘येणार’ आणि ‘अपेक्षित आहे’

मृग लागायच्या सुमारास तळेगाव (श्यामजी पंत), आष्टी, कारंजा या संत्र्याच्या पट्ट्यात हवामानाची बातमी जितकी कान देऊन ऐकली जाते, तितकी दुसरी कोणतीही बातमी ऐकली जात नसेल. झाडांना ताण दिलेला असतो आणि मृग बहार फुटणे न फुटणे त्या पावसावर असते. अशा वेळी ‘विदर्भात मुसळधार पाऊस अपेक्षित आहे’ हे वाक्य कानाला खटकत नाही, कारण पाऊस हवाच असतो. पण हाच बहार काढणीला आला असताना, फेब्रुवारीत, ‘गारपीट अपेक्षित आहे’ असेही सांगितले जाते. गारपिटीची अपेक्षा कोण करील? अपेक्षा या शब्दात मराठी माणसाला इच्छा ऐकू येते. ज्या इंग्रजी ‘एक्स्पेक्ट’वरून हे वाक्य उतरले, त्यात इच्छा असलीच पाहिजे असे नाही, असे होईल हा हिशेब तेवढा असतो. ‘सपोज’, ‘प्रिझ्यूम’, ‘अझ्यूम’, ‘एक्स्पेक्ट’ ही समजण्याची आणि वाट पाहण्याची इंग्रजी क्रियापदे दुसऱ्या भाषेत नेताना शब्दाला शब्द ठेवला की काय हरवते आणि ते परत कुठे सापडते, याविषयी आज बोलायचे आहे. सोबतीला भाषा घेतली आहे पोर्तुगीज.

विदर्भात बसून पोर्तुगीज कशाला, असे कोणी विचारील. एक कारण असे की १५१० ते १९६१ या काळात ही भाषा आपल्या शेजारी, गोव्यात, राज्यकारभाराची भाषा होती. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तिथेच वारला. त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. कोकणीचे पहिले छापील व्याकरणही त्याचेच. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरलाच छापले गेले, आणि ते पोर्तुगीजमध्ये लिहिलेले आहे. म्हणजे मायबोली इंग्रजी असलेला माणूस आपल्याकडच्या क्रियापदांची रूपे लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत बसवून पोर्तुगीज वाचकाला समजावून सांगत होता. इंग्रजी, पोर्तुगीज आणि आपली बोली या तिन्ही भाषांचे तराजू एकाच माणसाच्या हातात आलेले होते. तेव्हा ही तुलना आज कोणी ओढूनताणून आणलेली नाही.

‘एक्स्पेक्ट’ला पोर्तुगीज कोशात पहिला शब्द सापडतो ‘इश्पेरार’. या एका क्रियापदात वाट पाहणे, आशा धरणे आणि होईलसे वाटणे असे तिन्ही अर्थ आहेत. इंग्रजीतली गाडीची वाट, मुलाच्या यशाची आशा आणि वादळाचा अंदाज पोर्तुगीजमध्ये एका शब्दात शिरतात. मग पोर्तुगीज वाचक गोंधळात कसा पडत नाही? कारण त्याची भाषा अर्थाचा भार त्या शब्दावर टाकतच नाही. पुढच्या क्रियापदाचे रूप बदलते. वक्ता जे खरे धरून बोलतो त्याला एक रूप, जे अजून मनातच आहे त्याला दुसरे. आशेच्या अर्थाने ‘इश्पेरार’ आले की पुढचे क्रियापद या दुसऱ्या रूपात जाते. वादळाचा अंदाज असेल तर चांगला अनुवादक ‘इश्पेरार’ सोडून ‘प्रेव्हे-स’, म्हणजे ‘असे आधीच दिसते आहे’, असे लिहितो. आणि कोणावर विसंबून राहण्याचा अर्थ असेल तर ‘कोंतार कों’, म्हणजे त्याला धरून चालणे. इंग्रजीत एकाच ठिकाणी साठलेला अर्थ असा तीन-चार जागी वाटून द्यावा लागतो.

हा शब्द इंग्रजीतही किती सरकता आहे, याचे एक प्रसिद्ध उदाहरण पोर्तुगालपासून फार दूर नसलेल्या समुद्रात घडले. १८०५ साली ट्राफल्गारच्या लढाईपूर्वी नेल्सनला आपल्या ताफ्याला निशाणांनी संदेश द्यायचा होता. प्रत्येक जण कर्तव्य करील असा देशाला भरवसा आहे, हा त्याचा आशय होता. पण भरवशाचा तो शब्द निशाणांच्या संकेतकोशात नव्हता. एकेक अक्षर उंचावावे लागले असते. निशाणे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने त्याऐवजी ‘एक्स्पेक्ट’ सुचवला, कारण तो कोशात होता, आणि नेल्सनने तो मान्य केला. सोयीसाठी केलेल्या या बदलाने विश्वासाचे वाक्य हुकमाकडे झुकले. मराठीत आणताना ‘प्रत्येक जण कर्तव्य करील, ही देशाची खात्री आहे’ आणि ‘प्रत्येकाने कर्तव्य करावे, ही देशाची अपेक्षा आहे’ यांतले एक निवडावेच लागते. आणि पाहा, निवड नुसती खात्री की अपेक्षा एवढ्यावर थांबली नाही. ‘करील’चे ‘करावे’ झाले. खरा फरक तिथे आहे.

मला जे सांगायचे आहे ते हेच. समजण्याच्या आणि अंदाजाच्या क्रियापदांचा अर्थ मराठी आपल्या क्रियारूपांच्या शेवटात ठेवते; अनुवादित मराठी मात्र तो तिथून उचलून ‘अपेक्षित’, ‘संभाव्य’, ‘गृहीत’ अशा संस्कृत शब्दांच्या डोक्यावर ठेवते आणि मग तो तिथे तोल सांभाळू शकत नाही. पाहुणा पोहोचला की नाही हे ठाऊक नाही. ‘पोहोचला असेल’ म्हटले तर तो मोकळा अंदाज. ‘पोहोचला असावा’ म्हटले तर काही खूण पाहून केलेला तर्क: अंगणात गाडी दिसली, आतून बोलणे ऐकू आले. ‘पोहोचला असणार’ म्हटले तर बोलणाऱ्याला शंकाच नाही. ‘पोहोचला म्हणे’ म्हटले तर जबाबदारी सांगणाऱ्याची. वर्ध्याकडच्या बोलीत ‘पोहोचला असन’ म्हणतात, तिथेही ही पायरी शाबूत आहे. इंग्रजीला यातल्या प्रत्येकासाठी वेगळे क्रियापद किंवा क्रियाविशेषण जोडावे लागते. आणि नवल असे की पोर्तुगीज इथे अगदी आपल्या वळणाने जाते. ‘तेरा शेगादु’ हे रूप भविष्यकाळाचे आहे, पण अर्थ ‘पोहोचला असेल’ असा होतो. ‘देव तेर शेगादु’ म्हणजे ‘पोहोचला असावा’. भविष्यकाळाचे रूप झालेल्या गोष्टीच्या अंदाजासाठी वापरायचे, ही युक्ती दोन्ही भाषांनी आपापल्या घरी शोधलेली आहे. कोकणीतही ‘आयला आसतलो’ म्हणतात तेव्हा तेच घडते.

याहून खोल एक साम्य आहे. इंग्रजी ‘सपोज’चे दोन चेहरे आहेत: मला वाटते की तो आला असावा, हा एक, आणि नियमाप्रमाणे त्याने यायचे आहे, हा दुसरा. तर्क आणि कर्तव्य एका शब्दात कसे राहतात, याचे परक्याला कोडे पडते. मराठी माणसाला पडू नये, कारण आपल्या विध्यर्थात ते दोघे कधीचे शेजारी आहेत. ‘त्याने यावे’ हे कर्तव्य, ‘तो आला असावा’ हा तर्क. ‘आवा’ प्रत्यय तोच. पोर्तुगीज ‘देव्हेर’ या क्रियापदातही देणे लागणे, कर्तव्य आणि तर्क असे तिन्ही आहेत. मनातल्या हिशेबाने जे असायला हवे ते असेलच, असे माणूस धरून चालतो, म्हणून हे अर्थ एकत्र आले असावेत. मात्र यात अनुवादकाची परीक्षा आहे. ‘तो काल यायचा होता’, ‘तो काल येणार होता’ आणि ‘त्याने काल यायला हवे होते’ ही तीन वेगळी वाक्ये आहेत: पहिल्यात ठरलेली व्यवस्था, दुसऱ्यात त्याचा बेत, तिसऱ्यात त्याचा दोष. इंग्रजीत तिन्हींसाठी ‘सपोज्ड’ चालून जाते. पोर्तुगीजमध्ये ‘एरा पारा व्हीर’, ‘ईया व्हीर’ आणि ‘देविया तेर व्हिंदु’ अशी तीन रूपे त्यांना चोख बसतात. तरीही आज पोर्तुगालमध्ये इंग्रजीच्या वळणाचे ‘एरा सुपोश्तु’ सर्रास बोलले जाते आणि तिथले भाषाजाणकार त्यावर हरकत घेतात. त्यांची हरकत मला पटते. घरात तीन चांगली अवजारे असताना उसने आणलेले एकच सगळीकडे चालवले की उरलेली गंजतात.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. कायद्याला आणि सरकारी कागदाला ठरलेला शब्द लागतो; तिथे ‘असेल’, ‘असावा’ची नजाकत चालणार नाही. हे खरे आहे, आणि कायद्याचे उदाहरण घेतले की ते का खरे आहे हेही कळते. १८७२ च्या पुरावा कायद्याने न्यायालय काय गृहीत धरू शकेल आणि काय गृहीत धरलेच पाहिजे, अशी दोन खाती पाडली. त्याच्या जागी आलेल्या आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ती ठेवली. सात वर्षे ज्याची खबर त्याच्या माणसांना नाही, तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचे, हा नियम आपल्याला माहीत आहे. इथे न्यायाधीशाला तो माणूस मेला असावा असे वाटते की नाही, हा प्रश्नच नसतो. कायद्याचे गृहीतक म्हणजे मत नव्हे, ती ओझे कोणी वाहायचे याची वाटणी आहे. गोव्यात कुटुंब आणि वारसा यांबाबत १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून चालत आली. तिचा इंग्रजी अनुवाद गोवा सरकारने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे पोर्तुगीज ‘प्रेझुमिर’ची जागा मोकळ्या अंदाजाच्या शब्दाने घेतली तर कोणाच्या तरी वाट्यावर परिणाम होईल. म्हणून कायद्यात ‘गृहीत धरणे’ हेच ठेवावे. पण कायद्याची ही गरज बातमीच्या, पाठ्यपुस्तकाच्या आणि शेतीसल्ल्याच्या भाषेवर लादण्याचे काही कारण नाही. तिथे खरोखरच कोणाला तरी काहीतरी वाटत असते, आणि किती वाटते हे ऐकणाऱ्याला हवे असते.

दुसरा आक्षेप असा की लोकांना समजते, मग शब्दांचा एवढा काथ्याकूट कशाला? समजते ते समोरासमोर बोलताना, कारण चेहरा आणि स्वर मदतीला असतात. छापील ओळीत ती मदत नाही, आणि हवामानाच्या बातमीत समजुतीची किंमत मोजावी लागते. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकांत ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ टक्के आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर, असा अर्थ बांधून दिलेला असतो. मराठीत येताना या तिन्हींची पुष्कळदा ‘शक्यता आहे’ एवढीच वासलात लागते. फवारणी आज करायची की थांबायचे, तोडलेली संत्री रात्रभर बागेत ठेवायची की झाकायची, हे ज्याला ठरवायचे आहे त्याच्यासाठी तीस टक्के आणि ऐंशी टक्के एक नाहीत. ‘पाऊस येऊ शकेल’, ‘पाऊस बहुतेक येईल’, ‘पाऊस येणार, असे धरून चाला’ ही तीन वाक्ये तळेगावच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या कोणालाही न समजावता समजतात.

राहता राहिला एक मुद्दा, आणि तो मी मान्य करतो. ‘येईल’, ‘असावा’ या रूपांत अंदाज किती पक्का हे कळते, पण तो कोणाचा हे कळत नाही. इंग्रजीचे कर्ता गाळलेले रूप, पोर्तुगीजचे ‘इश्पेरा-स’ आणि आपले ‘अपेक्षित आहे’ या तिघांतही अंदाज करणारा दडलेलाच असतो. तेव्हा जिथे माणूस महत्त्वाचा तिथे त्याचे नाव वाक्यात आलेच पाहिजे: ‘उद्या दुपारनंतर आष्टी तालुक्यात बहुतेक गारा पडतील, असा नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज आहे.’