वस्तीचं नवं नाव

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २ डिसेंबर २०२० रोजी घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं तेव्हा सुचवली गेली.

नावं चांगलीच आहेत, पण एक मेख आहे. पूर्वी वाड्याच्या नावातच जात असायची. आता नुसतं नगर म्हटलं तरी ऐकणारा मनातल्या मनात तोच हिशेब मांडतो. शिवाय शेजारच्या चार गावांत चार समतानगरं झाली, तर पोस्टमनने काय करायचं? त्यापेक्षा विहीर, ओढा, चिंचेचं जुनं झाड अशी खूण धरावी, असं मला वाटतं. विचारायचं मात्र वस्तीत राहणाऱ्यांनाच.

अशा खुणेच्या नावाचा अर्थ तिथल्या माणसालाच कळतो. आपली लेंडी नदीच घ्या. परगावचा पाहुणा नाव ऐकून गालातल्या गालात हसतो. मुखेड-देगलूरकडच्या माणसाला मात्र शेळीची लेंडी नाही, वर्षानुवर्षं रखडलेला धरणाचा प्रकल्प आठवतो!

नाव ठरलं की ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत लेखी अर्ज द्या. नाव मंजूर झाल्यावर रेशनकार्ड, आधार आणि मतदार यादीतला पत्ता एकसारखा करून घ्या. नाहीतर पुढे एखाद्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालावे लागतील.