दाखला आणि सत्य : कणांना वस्तुमान कसे मिळते?



आपली मुले आता महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकू लागली आहेत. तेथे शिक्षकापुढे एक पेच असतो. अवघड गोष्ट दाखल्यावाचून समजत नाही, आणि दाखल्यालाच सत्य मानले तर ती चुकीची समजते.

१९६४ साली ब्रिटनमध्ये पीटर हिग्ज यांनी, आणि बेल्जियममध्ये फ्रांस्वा आंग्लेर व रॉबर्ट ब्राऊट यांनी, मूलकणांना वस्तुमान कसे मिळू शकेल याची वाट दाखविली. विश्वात सर्वत्र एक क्षेत्र भरलेले आहे. ज्या मूलकणाचा त्याच्याशी संबंध जितका दृढ, तितके त्याचे वस्तुमान अधिक. प्रकाशकणाला वस्तुमान नाही, कारण त्याचा तसा संबंधच नाही.

हे एका पानात समजावून सांगा, असे आव्हान १९९३ साली ब्रिटनचे विज्ञानमंत्री विल्यम वॉल्डग्रेव्ह यांनी शास्त्रज्ञांना दिले. डेव्हिड मिलर यांनी मेजवानीचा दाखला दिला. मार्गारेट थॅचर दालनात येतात, कार्यकर्ते भोवती जमतात आणि त्यांची चाल जड होते. एकदा चालू लागल्यावर त्यांना थांबविणेही कठीण होते, हेही मिलर यांनी सांगितले. हे शेवटचे वाक्य गाळले, तर गर्दी म्हणजे नुसता अडथळा असे विद्यार्थी समजतो. अडथळा तर चालणाऱ्याला थांबवितो! वस्तुमान गतीला विरोध करीत नाही, गतीतील बदलाला करते. न्यूटनचा पहिला नियम शाळेत नीट समजला असेल, तर विद्यार्थ्याने येथे हात वर केला पाहिजे.

दुसरी गोष्ट. आपल्या शरीराचे सारे वजन या क्षेत्रामुळे आहे काय? नाही. प्रोटॉनमधील तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सुमारे एक टक्का भरते. उरलेले वस्तुमान मुख्यतः क्वार्क व ग्लुऑन यांच्या हालचालीच्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेतून येते. ऊर्जा आणि वस्तुमान यांचे हे नाते आइन्स्टाइन यांनी १९०५ सालीच सांगितले होते. पण म्हणून हिग्ज क्षेत्र क्षुल्लक ठरत नाही. इलेक्ट्रॉनला वस्तुमान तेच देते, आणि ते नसते तर अणूच बनला नसता.

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत त्या क्षेत्राचा कण सापडल्याची घोषणा झाली. तो प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट जड आहे. २०१३ साली हिग्ज आणि आंग्लेर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ब्राऊट २०११ सालीच निवर्तले होते. या कणाला 'बोसॉन' म्हणतात, ते आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलगा वा मुलगी घरी आल्यावर गुण जरूर विचारा, पण त्याबरोबर विचारा, "आज सरांनी कोणता दाखला दिला, आणि तो कोठे लागू पडत नाही?" पाठ केलेला दाखला परीक्षेपुरता उपयोगी पडेल. त्याची मर्यादा ओळखणारे मूल मात्र पुढचे स्वतः शिकेल.